सात मिनिटं चाळीस सेकंद

मी चेन्नईतल्या एका दैनिकात बावीस वर्षं बातमीदार आहे. कोणतीही गोष्ट दोन माणसांनी सांगितल्याशिवाय छापायची नाही, अशी आमच्याकडे शिस्त आहे. खाली जे लिहिलंय त्यातल्या बहुतेक गोष्टींना दोन किंवा जास्त साक्षीदार आहेत.

शेवटच्या भागाला एकच आहे.

मी.

तारीख १३ जानेवारी २०२४, शनिवार. जागा मैलापूरमधलं एक सभागृह. त्याचं नाव देत नाही, कारण त्या लोकांचा यात काही दोष नाही.

घटना माझ्या मामांची. विजयेंद्र राव, वय अडुसष्ट. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकून आणि शिक्षक. त्या घरातला हा मुलगा १९७५ साली इलेक्ट्रिक गिटार घेऊन रॉक वाजवायला लागला. मग बंगळुरू, मग कोलकाता. जवळजवळ पन्नास वर्षं ते हॉटेलांत, कॉलेजांत, मैदानांवर वाजवत राहिले. ज्यांना माहीत आहेत त्यांना फार माहीत आहेत. बाकीच्यांना अजिबात नाहीत.

(घरात आम्ही तंजावरची मराठी बोलतो, त्यात निम्मी तमिळ. इथे संवाद थोडे सरळ करून लिहिते. 'सरि' म्हणजे 'बरं', आणि मुलींना लाडानं 'मा' म्हणतात.)

मामांच्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग काहीच उरलं नव्हतं. ट्रंक भरून कॅसेट होत्या. आईच्या वेलचेरीच्या घरात, तळमजल्यावर. २०१५च्या पुरात ती ट्रंक तीन दिवस पाण्याखाली होती. मामांनी फोनवर ऐकून घेतलं, "सरि," म्हणाले आणि विषय बदलला. कोलकात्याहून कायमचे परत आले तेव्हा त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं.

आणि एकोणीस वर्षांनी पुन्हा चेन्नईत, आपल्या गावात, एक कार्यक्रम ठरवला. चार कॅमेरे लावून. त्याची डिस्क काढायची होती.

"मी गेल्यावर कोणीतरी ती लावावी, इतकंच," ते म्हणाले.

"कोण लावणार मामा? डिस्क लावायचं यंत्र कोणाकडे राहिलंय?"

"तू ठेव ना एक. पेपरवाली तू, जुन्या वस्तू जपायची सवय आहे तुला."

एवढीच त्यांची इच्छा होती.

कार्यक्रम साडेसहाला म्हणून जाहीर झाला होता, सुरू झाला सव्वासातला. सहाशे माणसं. पहिली तीन गाणी मी पाहिली. चौथं सुरू झालं तेव्हा पेपरच्या डेस्कला चार ओळी सांगायच्या होत्या म्हणून बाहेर व्हरांड्यात आले. फोनमध्ये कॉलची नोंद आहे... ७.५२ ते ८.००.

आत आले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मामा मात्र डावा हात उजव्या हातात धरून उभे होते. थंडीत धरतात तसा.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले.

"संयु, हात बधिर झाला होता," ते म्हणाले. "चौथ्या गाण्यात. थांबलो मी. नुसता उभा होतो. समोरची माणसं बरी, टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं त्यांनी."

ड्रमवाला महेश काठ्या पिशवीत भरत होता. चाळीस वर्षं मामांच्या मागे बसून वाजवलेला माणूस. त्यानं मान वर केली.

"कधी थांबलास विजी? जन्मात वाजवलं नाहीस तसं वाजवलंस."

"म्हातारा झालास. कान गेले तुझे."

"कान गेले असते तर तुझ्याबरोबर एवढी वर्षं सुखात काढली असती."

दोघं हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी हात बरा होता. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

तीन आठवडे गेले.

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळचे अकरा. अण्णा नगरमध्ये मुरलीची एडिटिंगची खोली आहे. चित्रीकरण जोडायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं आम्हाला बोलावलं होतं. फोनवर कारण सांगितलं नव्हतं.

आधी बाकीची गाणी ऐकवली. मग चौथं गाणं लावलं.

"आता बघ," मामा म्हणाले. "ह्या ओळीनंतर थांबलो मी."

ती ओळ आली.

गेली.

पडद्यावरचे मामा थांबले नाहीत...

ते वाजवत होते. सलग, कुठेही न अडता. मला संगीतातलं फार कळत नाही, पण मामांचं वाजवणं मी लहानपणापासून ऐकलंय. ते सूर कापून, जोरात, थोडं घाईत वाजवतात. हे तसं नव्हतं. ह्यात घाई नव्हती.

मग तिसरा कॅमेरा. डाव्या हाताचं जवळून चित्र.

मामांच्या डाव्या करंगळीची शीर १९८८ साली टॅक्सीच्या दारात तुटली. तेव्हापासून ते तीन बोटांनी वाजवतात. गिटार वाजवणाऱ्या मंडळींत त्यांची तीच ओळख आहे.

पडद्यावर करंगळी वाजवत होती.

मुरलीनं चित्र थांबवलं. मामांनी आपला डावा हात मांडीवर ठेवला होता आणि ते पडद्याकडे न बघता त्या हाताकडे बघत होते.

"अजून एक आहे सार," मुरली म्हणाला. "बोलावलं ते ह्यासाठी."

टाळ्या, शिट्ट्या टिपायला लोकांच्या डोक्यावर दोन माइक टांगले होते. त्यानं रंगमंचाचा आवाज बंद केला आणि फक्त ते दोन माइक चालू ठेवले. चित्रात लोक उभे होते. तोंडं उघडी. पुढच्या रांगेतल्या एकानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

आवाज आला तो पंख्यांचा.

फक्त पंख्यांचा. लांब कुठेतरी एक दार हलत होतं...

"हा रिकाम्या हॉलचा आवाज आहे अक्का," मुरली म्हणाला. "दारं उघडायच्या आधी आम्ही एक मिनिट घेऊन ठेवतो. मध्ये कुठे आवाज तुटला तर भरायला लागतो."

"मग चुकून तोच भरला असशील," मी म्हणाले.

"मी अजून काहीच भरलं नाही. ही मूळ फाइल. आणि आम्ही घेतला तो एक मिनिटाचा आहे." त्यानं पडद्याखालच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हा सात मिनिटं चाळीस सेकंद आहे."

कार्यक्रमाच्या ध्वनीवाल्याकडे दुसरी प्रत होती. मुरलीनं फोन केल्यावर त्यानं ती आपल्या घरी लावून पाहिली. तीच स्थिती.

"हे काढून टाक," मामा म्हणाले.

"सार, अख्ख्या कार्यक्रमात हेच सगळ्यांत चांगलं झालंय."

"म्हणूनच काढ. दुसऱ्याचं वाजवणं माझ्या नावावर नको."

मुरलीनं मग पॅचचं सुचवलं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग निघतं तेव्हा बऱ्याचदा चुकलेला तुकडा नंतर स्टुडिओत बसून, चित्राकडे बघत, पुन्हा वाजवून घेतात आणि गुपचूप जागेवर बसवतात. मामांनी उभ्या आयुष्यात ते केलं नव्हतं. जे करतात त्यांना ते नावं ठेवत. त्या दिवशी ते आपली डावी करंगळी चोळत राहिले.

"सरि," म्हणाले. "एकदा."

९ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी तीन. तीच खोली. मुरली, मामा आणि मी.

मामांनी पडद्याकडे बघत सात मिनिटं चाळीस सेकंद वाजवलं. तीन बोटांनी. आपल्या पद्धतीनं, कापून, जोरात. मी ऐकलं. मुरलीनं ऐकलं. संपल्यावर मामांनी कपाळ पुसलं.

"आलं?"

मुरली पडद्यावरच्या रेघेकडे बघत होता. आवाज टिपला गेला की ती रेघ डोंगरासारखी वर-खाली होते.

रेघ सरळ होती.

"वायर बदलतो सार."

दुसऱ्यांदा वाजवलं. रेघ सरळ...

तिसऱ्या वेळी त्यानं स्पीकरच्या समोर वेगळा माइक उभा केला. मामांनी तिसऱ्यांदा वाजवलं. या वेळी रेघ हलली. आम्ही ते लावून ऐकलं.

एसीची घरघर होती. मामांचा पाय ताल धरत होता. खुर्ची करकरली. दोन मिनिटांनी माझा खोकला आला.

गिटार नव्हती.

"मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल," मी म्हणाले.

"मशीन चांगली आहे मा," मामा म्हणाले. "तुझा खोकला आलाय की तिच्यात."

मुरलीला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मूळ कार्यक्रम पुन्हा उघडला. पहिलं गाणं लावलं. मग दुसरं. मग सातवं, अकरावं.

ड्रम होते. बास होता. गाणारा गात होता. चित्रात मामांची बोटं तारांवर फिरत होती.

एकाही गाण्यात गिटार ऐकू येत नव्हती. सोमवारी आम्ही तिघांनी हीच गाणी ऐकली होती. तेव्हा होती.

राहिलं फक्त चौथं गाणं. त्यात सगळं जसंच्या तसं होतं.

घरी आल्यावर मी मामांचं वाजवणं माझ्या फोनवर टिपायचा प्रयत्न केला. मग आईच्या. मग शेजाऱ्यांच्या. तिन्हींत खिडकीवरचा कावळा आला, वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या आल्या, मामांचं "वन, टू, थ्री" आलं. पुढे काही नाही. मामांनी तिन्ही फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकले. परत दिले.

"कॉफी टाक जरा," म्हणाले.

मला त्यांची कीव आली असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी दूध तापत ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात मुरलीचा फोन आला. काय करायचं? डिस्क काढायची तर ते एकच गाणं निघू शकत होतं.

"मामा, तेवढं तरी ठेवा," मी म्हणाले. "नाहीतर मागे काहीच राहणार नाही. नाव तरी राहील."

"नाव राहून काय करू? वाजवणं राहायला हवं होतं."

"लोकांना कुठे कळणार आहे?"

"तू पेपरात असं लिहितेस का?"



त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मुरली, पुसून टाक बाबा. दोन्ही प्रती. झालं की सांग."

चाळीस मिनिटांनी त्याचा निरोप आला, पुसलं म्हणून.

"आता तू ऐक म्हणजे झालं," मामा मला म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता मी तिसऱ्या मजल्यावर जाते. मामा तासभर वाजवतात. छोटा स्पीकर, आवाज बेताचा. माझ्या मते ते इतकं चांगलं कधीच वाजवत नव्हते. एखादा तुकडा जमला की माझ्याकडे बघतात. मी मान हलवते.

एप्रिलमध्ये एका रविवारी महेश आला. तोही बसला. पूर्ण तास तो मान डोलावत होता, गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होता. मध्येच "वा विजी" म्हणाला. मामा फार खूश झाले. मलाही बरं वाटलं. दुसरा माणूस मिळाला, असं माझ्या मनात आलं.

मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

"संयुक्ता," तो हळूच म्हणाला, "किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"हेच. गिटार मांडीवर घेऊन बसायचं. तासभर नुसती बोटं फिरवतो तो."

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

"मी आपली मान हलवली," महेश म्हणाला. "जुना दोस्त आहे. तू पण तेच करतेस ना? चांगलं करतेस."

लिफ्ट आली. तो गेला.

मी परत आले. दार उघडंच होतं. मामा वाजवत होते आणि मला ते स्वच्छ ऐकू येत होतं. प्रत्येक सूर.

मी महेशला फोन केला नाही. काय विचारणार होते?

आता जे लिहिते त्याला दुसरा साक्षीदार नाही.

जूनमधला एक रविवार. साडेचारच्या सुमाराला मी कॉफी घेऊन आले होते. मामा वाजवत होते. कॉफी फार गरम होती. टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, ओतायला मी मान खाली घातली...

आवाज थांबला.

मला वाटलं, मामा थांबले. मान वर केली. ते वाजवत होते. आवाज होता.

मी पुन्हा खाली बघितलं.

पंखा. खालच्या रस्त्यावरचा शेअर ऑटोचा हॉर्न. तारेवर बोट घासल्याची अगदी बारीक खसखस.

वर बघितलं. गिटार.

असं मी अकरा वेळा केलं. अकरा ही संख्या मोजून लिहिलेली आहे.

मामांना यातलं काही सांगितलेलं नाही. आता मी कॉफी निघताना पिते. चार ते पाच त्यांच्या डाव्या हातावरून नजर काढत नाही. दाराची बेल वाजली तर वाजू देते. पापणी लवते तेवढ्यापुरता सूर तुटतो, म्हणून तीही जमेल तितकी कमी लववते. तास संपेपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागतं.

परवाच्या रविवारी त्यांच्या ते लक्षात आलं.

"अशी काय टक लावून बघतेस मा?" त्यांनी विचारलं. "रडतेस का?"

"नाही मामा," मी म्हणाले. "तुम्ही वाजवा."