विहिरीतला फुटबॉल

अठ्ठ्याहत्तर साली लोधिवलीत मी आमच्या विहिरीवर पंप बसवला. मी कर्जतला रेल्वेत फिटर, त्यामुळे दुकानदार पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन गळ्यात मारू लागला तेव्हा मला हसूच आलं. विहीर उथळ, उन्हाळ्यात पाणी जेमतेम छातीभर. विजेची छोटी मोटर पुष्कळ झाली. बसवायलाही मी कुणाला बोलावलं नाही. शेजारच्या येसाजीने निदान नारळ तरी फोड म्हणून गळ घातली. छप्पन्नला दीक्षा घेतल्यापासून आमच्याकडे नारळ फक्त कालवणासाठी फुटतो, असं मी त्याला सांगितलं.

पंप घेतला तो बायकोसाठी, चंद्रभागेसाठी. मागच्या उन्हाळ्यात भेंडीला घागरी वाहून तिचा खांदा निखळला होता. यंदा पंपाच्या भरवशावर तिने भेंडी दुप्पट लावली. पंप बंद पडला तर ती पुन्हा घागर उचलणार, आणि तिला अडवणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

पंपाने पहिल्याच बटणाला पाणी ओढलं. सुरुवातीला एकदा पाइप पाण्याने भरला, तो पुन्हा भरावा लागला नाही. हे श्रेय फुटबॉलचं, म्हणजे पाइपाच्या खालच्या तोंडाला बसवतात त्या झडपेचं. ती पाइपातलं पाणी खाली सुटू देत नाही. येसाजीची झडप गळकी. तो रोज शिव्या घालत बादलीने पाइप भरायचा आणि मग माझ्याकडे येऊन फिटिंगवरचं व्याख्यान ऐकायचा.

एके दिवशी चंद्रभागेने पडवीतलं गोणपाट झटकलं आणि आतून फुटबॉल पडला. कोरा करकरीत.

"ह्यो उरला काय?" तिने विचारलं.

उरला नव्हता, मी बसवायचाच विसरलो होतो. येसाजीला कळलं असतं तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. पाइपाचं तोंड गाळात रुतून पाणी अडलं असेल, अशी स्वतःची समजूत घालत मी विहिरीत उतरलो. खाली गाळ नव्हता. तोंड मोकळं होतं. मी फुटबॉल आवळला, वर येऊन पाइप भरला, बटण दाबलं.

मोटर नुसती घुमत राहिली. पुन्हा भरला, पुन्हा आवळला. थेंब नाही. दोन दिवसांत भेंडीने माना टाकल्या आणि चंद्रभागेने माळ्यावरची घागर काढली.

"काढा तो फुटबॉल. त्याच्याबिगर चालत व्हतं ना?"

"असं चालतच नसतं."

"चालत व्हतं," ती म्हणाली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

भर दुपारी मी पाना घेऊन पुन्हा उतरलो. वाकून झडप सोडवली. वरून चंद्रभागा पाइपात पाणी ओतत होती. ते माझ्या बोटांवरून सरळ विहिरीत सुटत होतं.

मी तळहाताने तोंड दाबून धरलं.

एका गार हाताने माझी बोटं बाजूला सारली. न चिडता. जुना मेस्त्री नवख्याला सारतो तशी.

पाणी सुटायचं थांबलं.

"भरला बगा," वरून चंद्रभागा म्हणाली. "या वर. मी चालू करते."

भेंडी वाचली, तिचा खांदाही वाचला. येसाजी अजून व्याख्यान ऐकायला येतो. मी विषय बदलतो, कारण विहिरीतला तो ऐकत असेल अशी मला भीती वाटते. त्या गार हाताच्या तळव्याला घट्टे होते, माझ्यापेक्षा जाड.