राहणार चिंचवड

“भाऊ ऱ्हातुया बहिणीच्या दारात, आन् कागदात लिवतुया परांडा! मग वकिलातीनं तरी काय करावं...”

रुक्मिणीबाई सुपातले तांदूळ निवडता निवडता पुटपुटल्या. पुटपुटणंही असं मापाचं, की भिंतीपलीकडच्या विमलबाईंना काही कळू नये आणि चुलीपुढच्या सुनेला, सुभद्रेला, मात्र अक्षर न् अक्षर ऐकू जावं! सतरा वर्षांच्या सासूपणाची ती कमाई होती.

सुभद्रेनं भाकरी उलटली. तिचा धाकटा भाऊ ज्योतीराम उंबऱ्यावर मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या मांडीवर मुंबईहून परत आलेला लांबट लखोटा होता. दापोडीच्या वर्कशॉपातला हा सव्वीस वर्षांचा फिटर... जर्मनीच्या एका मोटार कारखान्यानं त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. महिनाअखेर तिकडं जायचा परवाना हातात पडला नाही तर जागा दुसऱ्याची! आणि मुंबईच्या जर्मन वकिलातीनं काय कळवलं? आपला परांड्याचा पत्ता हैद्राबाद राज्यातला, सबब अर्ज मद्रासच्या वकिलातीकडे करावा.

“आठ वर्सं इथं ऱ्हातोस,” सुभद्रा हळूच म्हणाली, “मग परांड्याचा पत्ता का रे घातलास?”

“बहिणीच्या घरी राहतो, असं परक्या सरकारला कसं लिहू, आक्का? लाज वाटली गं...”

लाज! बहिणीच्या सासरचं पाणीसुद्धा मोजून पिणाऱ्या मुलखातला तो पोरगा. बाप गेला तेव्हा अठराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन इथं आला, आणि पहिल्या दिवसापासून रुक्मिणीबाईंनी त्याच्या ताटातल्या भाकरी डोळ्यांनी मोजल्या. म्हणून सुभद्रा पिंपरीच्या नव्या कारखान्यात बाटल्या धुवायला जाऊ लागली, की भावाच्या घासाला कुणी बोट लावू नये! तिच्या कमाईवर सासूही जेवत होती, ही गोष्ट मात्र त्या घरात कुणी कधी बोललं नाही. अशा न बोललेल्या गोष्टी त्या घरात पुष्कळ होत्या.

संध्याकाळी वर्कशॉपातले हेडक्लार्क अर्जुनराव सायकलवरून आले. कागद वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे बाबा, जन्म कुठं झाला हे कोण विचारतंय तुला? राहतोस कुठं, ते विचारलंय! मद्रासला गेलास तर ते म्हणतील, आठ वर्षं परांड्यात होतास कुठं? तिथं तुझं काय आहे दाखवायला? अर्ज परत मुंबईलाच टाक. फक्त चिंचवडचा रहिवासी म्हणून चावडीचा दाखला जोड. घराच्या कर्त्यानं तलाठ्यापुढं सही केली की झालं!”

घराचा कर्ता...

रुक्मिणीबाईंचा सुपातला हात थांबला. विमलबाई साखर मागायला आल्या होत्या, त्याही वाटी धरून उभ्याच राहिल्या. घराचा कर्ता म्हणून रेशनकार्डावर नाव होतं सयाजीचं. सुभद्रेचा नवरा सयाजी! बारा वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून गेला तो गेला. पहिल्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं, मग तेही नाही. नाशकाकडून काही कानावर आलं, ते कानातच राहिलं. रेशनकार्ड बदलायच्या वेळी रुक्मिणीबाई ठणकावून सांगत, “लेक फिरतीवर हाय माझा!” आणि हळदीकुंकवाला बायका विचारत, “काय म्हणतात मालक?” तेव्हा सुभद्रा कपाळावरचं ते रुपयाएवढं कुंकू सावरून म्हणे, “बरे आहेत.” केवढी ही फिरती! एवढ्या वेळात माणूस काशी-रामेश्वर चार वेळा पायी करून आला असता...

“त्यात काय,” विमलबाईंनी तोड काढली, “सयाजीभावजींचा म्हणून कुणाचाबी अंगठा उठवा. कोण बघतंय?”

“सगळेच बघत्यात, वैनी,” सुभद्रा म्हणाली. “बारा वर्सं तेवढंच तर करत्यात!”

अर्जुनराव गेले. ज्योतीराम उठला, लखोटा पेटीत टाकून त्यानं कडी लावली.

“मी मद्रासलाच जातो, आक्का.”

“तिथं काही व्हायचं न्हाई, आत्ताच सांगितलं ना त्यांनी?”

“नाही झालं तर नाही! पण तू चावडीवर चार बाप्यांपुढं उभी राहणार, आणि ते तुला दाजींचं विचारणार... नको मला ती जर्मनी!”

सुभद्रेच्या अंतःकरणात कळ उठली. आजवर तिनं याच्यासाठी सोसलं होतं. आज हा पोरगा तिच्या झाकलेल्या दुःखासाठी आपलं उभं आयुष्य पेटीत कोंडायला निघाला होता! डोळे भरून आले, पण त्या पाण्यामागून वर आला तो संताप... बारा वर्षं राखेखाली धुमसलेला.

“काढ तो कागद बाहेर!” ती कडाडली. “मी काय चोरी केली, तोंड लपवायला? उद्या चावडीवर मी जाणार. दाखला मी देणार.”

“सुभद्रे!” रुक्मिणीबाई उठल्या. “कर्ता म्हणून तू नाव लावणार? माझ्या जित्या लेकाला कागदावर मारतीस व्हय?”

“मारत न्हाई, आत्याबाई. फक्त खोटं बोलायचं थांबतीया!”

सकाळी चावडीवर ही गर्दी! तलाठी नानासाहेब भला माणूस. दुसऱ्याची अब्रू झाकायची तर नियमही जरा बाजूला सरकवणारा, पण आज चारचौघांत त्यालाही तसं करता येईना. सुभद्रा पुढे झाली, ज्योतीराम मागे. रुक्मिणीबाईही आल्या होत्या, सून आपल्या घराण्याचं नाव किती बुडवते ते मोजायला, आणि पायरीवर पाठ फिरवून बसल्या होत्या.

“ज्योतीराम माझा भाऊ. आठ वर्सं माझ्या घरी ऱ्हातोय. लिहा, राहणार चिंचवड.”

“लिहितो की. पण सही सयाजीरावांची लागेल, बाई.”

“सही माझी घ्या. घराची कर्ती मी हाय.”

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसलंही. “नवरा जिता असताना बाई कर्ती? कलियुग म्हणायचं!”

“कलियुगात भाकरी बाईनं मिळवलेली चालते, आन् सही तेवढी चालत न्हाई व्हय, दादा?” सुभद्रेनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नानासाहेबांनी टाक खाली ठेवला. “हे बघा, बाई, नवरा हयात असता तुमचं नाव लावायचं, तर कारण लिहावं लागतं. आणि ते नवऱ्याकडच्या माणसानं सांगायला हवं. नाहीतर दाखला देता येत नाही मला. काय लिहू? फिरतीवर लिहिलं तर सही त्यांचीच लागेल...”

सुभद्रेनं तोंड उघडलं, पण तिच्या शब्दाला इथं किंमत नव्हती! ज्योतीरामानं कागदाकडे हात नेला. “चल, आक्का. पुरे झालं...”

“थांब रं पोरा!”

पायरीवरून रुक्मिणीबाई उठल्या होत्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो सावरायचंही भान नव्हतं. लोक वाट देत गेले, आणि ती म्हातारी येऊन सुनेच्या शेजारी, तिच्या दंडाला धरून, उभी राहिली.

“लिवा, नानासायब. माझा लेक फिरतीवर न्हाई! नाशकात दुसरी बाई हाय त्याची, दोन लेकरं हायती... अकरा वर्सं ठावं हाय मला. पोरीचा दोष न्हाई काई. माझ्या लेकानं हिला टाकली, नानासायब... आन् मलाबी!”