दानाईबाईंचा वाटाड्या

मिताता गावाच्या टोकाला, दरीच्या काठावर, निळ्या खिडक्यांचं एक घर आहे. मालक ऑस्ट्रेलियात असतात. उन्हाळ्यात घर पाहुण्यांना भाड्याने जातं आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. चादरी बदलायच्या, टेबलावर मध, टोमॅटो आणि खरपूस पाव ठेवायचा, कुठे काय बघायचं ते कागदावर काढून द्यायचं, हे माझं काम. ग्रीसच्या ह्या किथिरा बेटावर मला ठाऊक नाही असं काही नाही, अशी माझी समजूत होती.

दानाईबाई ऑगस्टच्या शेवटी आल्या. वोलोसच्या, शाळेत शिकवणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, एकट्याच. पहिल्या दिवशी मी त्यांना कालादीच्या किनाऱ्यावर पाठवलं. संध्याकाळी टॉवेल द्यायला गेले, तर बाई बादलीत पाय सोडून बसलेल्या.

"झांबेताबाई, तुमच्याकडची माणसं फार चांगली हो," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांवर माझा पाय मुरगळला. एकाने हात धरून वर आणलं. उंच होता. डावी भुवई मधोमध तुटलेली. मासे धरायच्या गळाने फाटली म्हणे. आणि मला काय म्हणाला माहितीये? 'सावकाश गं, मिठाच्या खड्या!'"

हातातले टॉवेल मी खुर्चीवर ठेवले.

माझा नवरा मीनास एकोणीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आव्लेमोनासहून होडी घेऊन निघाला. होडी सापडली, तो सापडला नाही. त्याची डावी भुवई गळाने फाटलेली होती. आणि अख्ख्या जगात एकाच बाईला तो मिठाचा खडा म्हणायचा, तेही घरात, दार लोटून घेतल्यावर.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच: हिचा हात धरला?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिलोपोतामोसला पाठवलं आणि स्वतः कालादीला गेले. पायऱ्यांवर बसून राहिले. परदेशी लोक छत्र्या घेऊन खाली गेले, वर आले. कड्याची सावली पाण्यापर्यंत पोचली. कोणीही आलं नाही.

घरी परतले तर दानाईबाई अंगणात बदाम फोडत होत्या. "आज परत भेटला तो! चौकातल्या झाडाखाली कॉफी घेतली आम्ही. मग त्याने जुन्या पाणचक्क्या दाखवल्या. तुमच्या ओळखीचा आहे का?"

"नात्यातला आहे," मी म्हटलं.

मिलोपोतामोसच्या कॉफीवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, "एकटीच बसली होती गं. पण कॉफ्या दोन मागवल्या. मला वाटलं, कोणी येणार असेल."

"आणि दुसरा कप?"

"रिकामा होता. का गं?"

मग मी मुद्दाम त्यांना उत्तरेला धाडलं, थेट कारावास नावाच्या गावाला. मीनासला तो भाग कधीच आवडत नसे. मी कितीदा म्हटलं तरी त्याने मला तिकडे नेलं नव्हतं. बाई परतल्या त्या पुदिन्याची जुडी घेऊन. ओढ्याकाठी त्याने खुडून दिली होती.

मी नणंदेकडे गेले. फ्रोसो अंजिरं वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं, क्रॉसची खूण केली आणि माझ्या सुतकाच्या काळ्या झग्याकडे बघत म्हणाली, "मेलेल्या नवऱ्यावरून जळतेस होय गं? जित्या नवऱ्यांवरून जळणाऱ्या बायका थोड्या का आहेत गावात?"

"एकोणीस वर्षं दिवा लावतेय मी," मी म्हटलं. "एकदा स्वप्नात तरी आला का?"

फ्रोसोने पुढचं अंजीर चिरलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी दानाईबाई पालिओखोराला, डोंगरावरच्या जुन्या ओसाड गावाकडे, निघाल्या होत्या. मीही येते म्हटलं. गाडीत त्यांना विनवलं, "तो भेटला तर एक निरोप द्याल? म्हणावं, झांबेता घरी वाट बघतेय."

"देईन की," त्या म्हणाल्या आणि आरशात बघून केस सारखे केले. किती सुंदर केस होते त्यांचे!

भर दुपार होती. पडक्या भिंतींमध्ये वारा नव्हता. दरीत शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. दानाईबाई दुखऱ्या पायाने भराभर पुढे गेल्या आणि देवळाच्या भिंतीआड दिसेनाशा झाल्या.

मी मागोमाग निघाले.

त्यांचं हसणं ऐकू आलं. मग त्या थांबल्या, कोणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारख्या. मग पुन्हा हसल्या.

घंटा थांबल्या.

होडीचं डिझेल आणि ओली लोकर, असा वास आला. त्याच्या स्वेटरचा. मी धावले.

भिंतीआड त्या एकट्याच उभ्या होत्या.

"आत्ता गेला," त्या म्हणाल्या.

"निरोप दिलात?"

त्यांनी खाली पाहिलं. "दिला."

"काय म्हणाला?"

"बाई, जाऊ दे ना."

"सांगा."

"म्हणाला... झांबेता कोण?"

घरी पोचल्यावर मी खोटं बोलले. मालकांचा फोन आलाय, दुसरे पाहुणे येताहेत, उद्याच घर रिकामं करावं लागेल. त्यांचे अजून पाच दिवस बाकी होते. त्यांनी हुज्जत घातली नाही. मला वाटलं, मला नाही तर तुलाही नाही. तू जा वोलोसला. तो ह्या बेटाचा आहे, इथेच राहील. आज ना उद्या माझ्याकडे वळेल.

सकाळी त्यांना दियाकोफ्तीच्या धक्क्यावर सोडायला मीच गेले. पुढे बसा म्हटलं, तर त्या मागे बसल्या. आरशात मला दिसत होतं. सीट एवढी मोकळी, पण त्या दाराला चिकटून, अंग चोरून बसल्या होत्या.

धक्क्यावर ऊन रणरणत होतं. बोटीच्या फळीपाशी सारांतोस तिकिटं बघत होता. पन्नाशीचा, कामात चोख, दुसऱ्या गावचा माणूस. मीनासला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. रांगेत दानाईबाई शेवटच्या होत्या. त्यांच्या मागे धक्का रिकामा होता.

सारांतोसने साखळी उचलली, त्यांचं तिकीट फाडलं आणि "प्रवास सुखाचा होवो" म्हणाला. त्या फळी चढू लागल्या.

त्याने साखळी खाली सोडली नाही. तसाच धरून उभा राहिला. मग जरासा बाजूला सरकला आणि मान वर करून, आपल्याहून उंच माणसाशी बोलावं तसं, पुन्हा एकदा म्हणाला, "प्रवास सुखाचा होवो."

मग त्याने साखळी लावली.