उलट्या पिळाची तार

सेल्दोनीनं नाकाला रुमाल लावला नाही, हेच माद्रोनाच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. अकरा वर्षांनी भाऊ दारात उभा, अंगावर बार्सिलोनाचा काळा कोट, केस पार पांढरे झालेले... आणि तिची नजर गेली ती त्याच्या हाताकडे, रुमाल निघतो का ते पाहायला. आईच्या अंत्यविधीला आला होता तेव्हा निघाला होता. आज निघाला नाही. कोकरांची आतडी भिजत घातलेले टोप, गंधकाच्या धुरीची पेटी, कोपऱ्यातलं तारा पिळायचं चाक, हे सगळं तो उंबऱ्यातूनच बघत राहिला.

"ताई, आत येऊ?"

"तुझंच घर आहे. पाय पुसून ये," ती म्हणाली. "पुसून तरी काय होणार म्हणा, इथली जमीनच ओली."

तिला आनंद झाला का? खरं सांगायचं तर काहीच झालं नाही. हा क्षण तिनं मनाशी किती वेळा रंगवला होता. तो येईल, अंतःकरण भरून येईल, आपण त्याला पोटाशी धरू... आणि आता तो आला होता, तर आत नुसतं पांढरं धुकं, बाहेर विक गावाच्या रस्त्यांवर पडलं होतं तसं. आतडी धुवायच्या राखेच्या पाण्यात चाळीस वर्षं बुडून बुडून तिची बोटं गेल्या वसंतात बधिर झाली होती, सुई टोचली तरी कळत नसे. मनाचंही तेच झालं असेल, असं तिला वाटून गेलं.

आमच्या विकमध्ये सॉसेजवाल्यांना मान आहे आणि त्यांच्यासाठी आतडी धुणाऱ्यांना नाही, असं का हे मला आजवर कळलेलं नाही. माद्रोनाचा बाप आतड्यांच्या तारा करायचा, गिटारला लागतात त्या. तो गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि सेल्दोनी बारा. पोराच्या हातात गिटारची कला आहे हे गावाला तेव्हाच दिसत होतं. म्हणून चाकाशी ती बसली आणि तो शिकायला गेला. विणकराच्या बेर्नातशी तिचं लग्न ठरत आलं होतं. त्याची आई म्हणाली, आतडी सोड आणि मग माझ्या घरात पाऊल टाक. नेमकं त्याच वर्षी सेल्दोनीचं बार्सिलोनातलं पहिलं वादन होतं, रोज नव्या तारा लागत होत्या. बेर्नातचं लग्न दुसरीकडे झालं. माद्रोना त्या दिवशीही चाकाशीच बसली होती.

मग सेल्दोनीचं नाव झालं. त्याच्या रचना छापल्या जाऊ लागल्या, बड्या घरच्या मुली शिकायला येऊ लागल्या, आणि एक दिवस पत्र आलं. "ताई, आता तारा पाठवू नकोस. गिटारची पेटी उघडली की वास येतो, मुली एकमेकींकडे बघतात. मी इटलीतल्या नेपल्सच्या घेतो." ठीक आहे, ती म्हणाली. पण पुढल्याच महिन्यात त्यानं आईला कळवलं की नेपल्सच्या तारा इथे टिकत नाहीत, सूर धरत नाहीत, रात्र रात्र झोप नाही. तेव्हा ही बाई टोपलीत तारा घालून गाडीनं बार्सिलोनाला गेली, त्याच्या नेहमीच्या दुकानदारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या तारा नेपल्सच्या कागदात घालून त्याला द्या. माझं नाव काढायचं नाही." वास जावा म्हणून ती तारांना रानपुदिना घातलेलं बदामाचं तेल लावायची. नेपल्सच्या पुडक्यासारखा हिरवा दोराही बांधायची. असं सव्वीस वर्षं चाललं.

आणि या सव्वीस वर्षांत कधीतरी सेल्दोनीनं गिटार शिकण्याचं पुस्तक काढलं. देवळातल्या ऑर्गन वाजवणाऱ्या पाद्रीबुवांनी त्यातलं एक वाक्य भर चौकात मोठ्यानं वाचून दाखवलं: "आपल्याकडच्या तारा सॉसेज बांधायला उत्तम, ज्याला वाजवायचं आहे त्यानं नेपल्सच्याच घ्याव्यात." सगळे हसले. माद्रोनाही जराशी हसली, आणि घरी येऊन तिनं त्या आठवड्याची पहिली तार पिळायला घेतली.

आता तो समोरच्या स्टुलावर बसला होता. उद्या मेणबत्त्यांच्या सणाला नगरभवनात त्याचा सत्कार होता, आणि वादन. बार्सिलोनाहून त्याचे शिष्य आले होते, बिशप येणार होते. तेवढ्यात शेजारची किमेता, सॉसेजवाल्याची विधवा, धुतलेली आतडी न्यायला बादली घेऊन आत शिरली.

"अगंबाई, हे कोण? नेपल्सला जाता जाता चुकून विकला उतरलात वाटतं?"

सेल्दोनीनं मान खाली घातली. "बादली घे आणि जा गं," माद्रोना म्हणाली. किमेता गेली, पण दार तिनं जरा जोरातच लावलं.

"ताई, मला तीन तारा हव्यात," सेल्दोनी हळूच म्हणाला. "वरच्या सुरांच्या तीन. सप्टेंबरपासून मिळतायत त्या धड नाहीत. या धुक्यात पहिली तार एका रचनेपुरतीही तग धरत नाही. उद्या सगळ्यांसमोर तुटेल."

"मी कुठे तारा करते आता? आणि तुला तर नेपल्सच्या लागतात."

त्यानं कोटाच्या खिशातून पत्र्याची डबी काढून उघडली. आत तुटलेल्या तारांची वेटोळी होती, जुनी, पिवळी पडलेली, वर्षानुवर्षांची. माद्रोनानं एक उचलली. बोटांना काही लागेना. मग तिनं ती ओठांवरून फिरवली, कारण ओठ अजून शाबूत होते. पीळ डावीकडे होता.

"पहिल्याच पुडक्यात कळलं होतं," तो म्हणाला. "लहानपणी तुला डावखुरी म्हणून कोण चिडवायचं? तू चाक डाव्या हातानं फिरवतेस, ताई. साऱ्या जगाच्या तारांचा पीळ एकीकडे आणि तुझ्या एकटीचा दुसरीकडे."

कागद बदलला, दोरा बदलला, वास बदलला... आणि पीळ? तो उलटा आहे हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिच्या हाताला तो सरळच होता.

"मग पुस्तकात तसं का लिहिलंस?"

सेल्दोनीनं डबीचं झाकण लावलं. "तुझ्या हातून महिन्याला खऱ्या निघणार पाच-सहा तारा. लोकांना कळलं असतं तर दारात रांग लागली असती, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या गिटारवर गेल्या असत्या. मला सगळ्या हव्या होत्या. आणि लाजही वाटायची, ताई. आतडी धुणारीचा भाऊ... दोन्ही खरं आहे. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे तारा चांगल्या होत्या."

"तसल्या कुणाच्याच नव्हत्या."

"हे सांगायला सव्वीस वर्षं तुला विकचा रस्ता सापडला नाही?"

तो रडू लागला. म्हातारा माणूस, तोंडावर हात घेऊन, हुंदके देत... "मला क्षमा कर, ताई." ती बघत राहिली. काळीज तुटायला हवं होतं, तुटलं नाही. "पुरे. कोट भिजेल," ती म्हणाली आणि पावाच्या पेटीतून तेलकट कागदाची पुडी घेऊन आली. बोटं बधिर होण्याआधी केलेल्या शेवटच्या तीन तारा. एकेक तार तिनं खिडकीच्या उजेडात दोन्ही हातांत ताणून धरली आणि त्याला छेडायला सांगितली. खरी तार थरथरली की दोन स्वच्छ रेघा दिसतात. खोटी असली की मधे तिसरी, मळकी रेघ येते. तिन्हींच्या दोनच रेघा दिसल्या.

"उद्या लोकांसमोर सांगायचं, या कुणी केल्या ते," ती म्हणाली. "पुस्तकात जेवढ्या मोठ्यानं छापलंस तेवढ्याच मोठ्यानं."

जन्मात पहिल्यांदा या बाईनं काही मागितलं. सेल्दोनीचा चेहरा उतरला. बिशप, शिष्य, त्यांच्या हातातलं ते पुस्तक...

"आणि नाही जमलं तर?"

"तरी घेऊन जा. तुझ्यासाठीच केल्यात." तिनं त्याच्यापुढे सूपचं भांडं आणि पाव ठेवला. त्यानं खाल्लं, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगरभवन गच्च भरलं. माद्रोना शेवटच्या बाकावर दाराशी बसली. वास लोकांना नको म्हणून ती सगळीकडे दाराशीच बसते. भावाचं वादन तिनं तो बार्सिलोनाला गेल्यापासून एकदाही ऐकलेलं नव्हतं. बोलावणंच कधी आलं नाही. सत्कार झाला, भाषणं झाली. सेल्दोनी खुर्चीवर बसला, त्यानं पाय छोट्या पाटावर ठेवला, तारा जुळवल्या आणि हात वाजवायला उचलला. नाही बोलणार हा, तिला वाटलं. त्याचंही तिला दुःख झालं नाही. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला आणि तो उठून उभा राहिला.

"सॉसेज बांधायच्या तारांवर मी सव्वीस वर्षं वाजवतोय," तो म्हणाला.

लोक हसले. शिष्य तर फारच हसले. तो हसू संपेपर्यंत थांबला.

"माझ्या पुस्तकात मी खोटं लिहिलं आहे. या तारा नेपल्सच्या नाहीत. मी वाखाणलेली एकही कधी नव्हती. या माझ्या बहिणीनं केल्या, माद्रोनानं, याच गावात, नदीकाठी, आमच्या बापाच्या चाकावर. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. ती मागे दाराशी बसली आहे. ताई, पुढे ये."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. पुढच्या बाकावर किमेतानं घागरा आवरून जागा केली. "ये गं, इथे बस. आणि वासाचं म्हणशील तर आमच्याही घरात काही गुलाब फुलत नाहीत."

माद्रोना जाऊन बसली. त्यानं वाजवायला सुरुवात केली. लहानपणी तो चाकाच्या आवाजाबरोबर गुणगुणायचा तसं काहीतरी त्यात होतं, पुढे जायचं आणि परत यायचं. आजूबाजूला लोक डोळे पुसू लागले. आपल्याला काय वाटतंय ते ती शोधत होती, पण सापडेना, म्हणून ती पहिल्या तारेकडे बघत राहिली. खिडकीतून उजेड नेमका त्या तारेवर पडला होता.

"अगं, रडतेयस तू," किमेता तिच्या कानाशी म्हणाली. "हात बघ तुझे, भिजले."

"हो का," माद्रोना म्हणाली. तिच्या हातांना काहीच कळलं नव्हतं. तिनं तारेवरून नजर काढली नाही. दोनच रेघा दिसत होत्या.