एक नख कोरं

“मावशीचं एक नख कोरं ठेवा. बिनरंगाचं. अन् हात गार पडले तर भांडण गिंडण विसरून मले फोन करजा.”

आदेशनं तिच्या मायबद्दल हे सांगितलं तेव्हा वर्षाली एका गिऱ्हाइकाच्या मनगटावर हिरवी बांगडी चढवत होती. तिनं मानही वर केली नाही.

“हो सायेब,” ती म्हणाली. “पुढच्या बुधवारपासून बांगड्या पण बिनरंगाच्याच आणते!”

आजूबाजूच्या बाया खळखळून हसल्या. तोही हसला, कानापर्यंत लाल झाला आणि पुढच्या दुकानाकडे गेला. ते हसू नंतर कितीतरी दिवस वर्षालीच्या कानांत टोचत राहिलं.

ओळख झाली होती पाचच दिवसांपूर्वी, तीसुद्धा भांडणातून. दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी. महामार्गावरच्या जाम गावाच्या अलीकडे असलेल्या वर्षालीच्या गावात आठवडी बाजार कधी सुरू करायचा, यावर ग्रामपंचायतीसमोर सभा होती. दहा महिने बाजार बंद. वर्षाली उशिरा पोचली. पटांगणात चुन्याचे गोल आखलेले, सगळे भरलेले... एकच रिकामा.

“हा कोणाचा गोल?” तिनं शेजारच्या मास्कवाल्याला विचारलं.

“बसेल त्याचा,” तो म्हणाला. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. डोळे हसरे होते. ती बसली. घामाच्या, चुन्याच्या वासात उगाचच तिला बरं वाटलं.

आणि तोच मास्कवाला उठून उभा राहिला! उपकेंद्रातला नवा आरोग्यसेवक, आदेश.

“पंधरा दिवस थांबा, बस्स एवढंच म्हणून राह्यलो मी. गावात तिघं बिमार हायेत. आत्ता गर्दी केली तर तिघाचे तीस होतीन.”

“अन् पंधरा दिवसानं पुन्हा पंधरा म्हणशीन!” किराणावाले किसनराव ओरडले. कुणी किसनरावांची बाजू घेतली, कुणी आदेशची. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

वर्षाली उठली. 

“सायेब, आमचा धंदा दुरून होत नाई. हात धरल्याबिगर बांगडी चढत नाई. माही माय तीस वर्षांपासून या गावाचे हात धरून राह्यली. लग्नं तोंडावर आलीत. थांबा म्हणणं सोपं हाय... ज्याचा पगार सुरू हाय त्याले.”

टाळ्या पडल्या. हात वर झाले. येत्या बुधवारी बाजार भरायचं ठरलं.  जाताना आदेश तिच्या गोलापाशी क्षणभर थांबला.

“छान बोलता,” तो म्हणाला. “चुकीचं बोलता, पण छान बोलता.”

बुधवारी तो हातात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन दुकान दुकान फिरत होता. वर्षालीपुढे आला.

“बोट दाखवा.”

“आजवर सगळ्याईचे हात मीच धरले,” ती पुटपुटली. “माहा धरणारे तुमीच पहिले.”

“मी नाई धरला. मशीननं धरला.” थोडं थांबून तो म्हणाला, “अठ्ठ्याण्णव. तब्येत चांगली हाय. जीभ त्याहून चांगली.”

ती हसली. मास्कमागे... पण त्याला कळलं असावं.

मग सीताबाईची पाळी. वर्षालीची ही माय म्हणजे बाजारातलं चालतंबोलतं दुकान. बांगड्यांसोबत नेलपॉलिशही विकायची, आणि दहा नखांवर दहा रंग लावून बसायची. पोरी यायच्या, “मावशी, करंगळीवरचा द्या,” म्हणायच्या. यंत्रानं तिच्या बोटावर आकडा दाखवला, एक्याण्णव.

आदेशच्या कपाळावर आठी पडली. “गडद रंगानं मशीन चुकू शकते. पुसा बरं, पुन्हा पाहू.”

“वा रे बाप्पा! पुसलं तर पोरीईले काय दाखवू?” सीताबाई म्हणाली. “बांगड्या चढवाले साबणाच्या पाण्यात हात हाय सकाळपासून, म्हणून गार लागते. रंगाचाच दोष हाय, तुमीच तं सांगून राह्यले!”

आदेशनं वर्षालीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर सभेतलाच राग पुन्हा चढत होता. तो घुटमळला... आणि कोऱ्या नखाचं ते एक वाक्य सांगून निघून गेला.

शनिवारी दुपारी सीताबाई चहा गाळता गाळता खाली बसली. “काही नाई व, थकवा हाय,” म्हणाली. वर्षालीनं तिला उठवायला हात धरला.

हात गार होता.

वर्षालीला हात कळायचे. डोळे मिटून ती सव्वादोन मापाच्या बांगडीचा हात कुठला, अडीचचा कुठला, ते सांगायची. हा हात तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये बुडवला आणि मायच्या अंगठ्यावरचा जांभळा रंग खसाखसा पुसला. रंग गेला. खालचं नख निळंच राहिलं.

तिनं फोन लावला. “या,” एवढंच बोलता आलं.

तो कुणाची तरी ओमनी गाडी, ड्रायव्हरसकट, घेऊन आला. कोऱ्या अंगठ्यावर आकडा उमटला, ब्याऐंशी. जामच्या चौकात कापसाच्या ट्रकनी रस्ता अडवला होता. मागच्या सीटवर आदेश सीताबाईचे श्वास मोजत होता, पुढे वर्षाली खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, “सरकवा ना हो दादा... सरकवा!”

दवाखान्यात एकच खाट रिकामी होती. सीताबाईला आत नेलं. दार लागलं.

बाहेर फरशीवर पिवळे गोल होते. एकात ती उभी, शेजारच्यात तो.

“बाजार मी उघडवला,” ती म्हणाली. “सगळ्या गावापुढं. टाळ्या घेतल्या मी.”

“अन् मी? मले माहीत होतं, तिथल्या तिथं नख पुसायले लावावं. नाई लावलं.”

“काऊन?”

त्यानं खाली पाहिलं. “तू रागावशीन म्हणून. सभेत हरलो त्याचं दुःख नाई वर्षाली. पण पुढच्या बुधवारी तू तोंड फिरवशीन... याचं भ्या वाटलं मले. तुह्या मायचा जीव टांगणीले लावला त्या भ्यापायी.”

पहिल्यांदाच तो ‘तू’ म्हणाला होता.  तिनं हात पुढे केला.

“ते मशीन दे. बोट दाखव.”

तिनं त्याच्या बोटाला यंत्र लावलं.  “ऑक्सिजन सत्त्याण्णव. ठोके... एकशे अठ्ठावीस? हे काऊन?”

“मशीन बिघडली असन.”

“नख तं कोरं हाय तुहं.”

“मग तुले माहीत हाय,” तो म्हणाला.

तिला माहीत होतं. तिनं यंत्र काढून घेतलं, पण बोट सोडलं नाही.

संध्याकाळी नर्स बाहेर आली. “सीताबाईच्या घरचे कोण? आकडा चढून राह्यला. तोंडाले मास्क हाय तरी बोलूनच राह्यली तुमची आई. विचारते, त्या पोराच्या मायचा हात कोणत्या मापाचा हाय, विहिणीले बांगड्या भराच्या हायेत म्हणते.”

दोघंही रडता रडता हसले.

अकरा दिवसांनी सीताबाई घरी आली. तोवर बाजार पुन्हा बंद झाला होता, आणि गावात तिघांचे बावीस झाले होते. त्यातले दोघं परतले नाहीत. एक होती रुख्माबाई, जिच्या हातात त्या बुधवारी वर्षालीनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. घरी एकटीच राहायची. खोकते, हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिचा हात धरून कुणी पाहिला नाही. आदेशसोबतच्या लग्नाच्या दिवशी वर्षाली आधी तिच्या बंद दारापुढे जाऊन आली, मग मांडवात गेली.

आज सीताबाई नऊच नखं रंगवते. अंगठा कोरा. वर्षालीची लहानगी लेक नंदिनी आजीचं ते बोट मुठीत धरून झोपते, आणि वर्षाली झोपेतही दोघींचे हात चाचपून पाहते.

तुमच्या गल्लीतही एकटी राहणारी, “काही नाही, थकवा आहे” म्हणणारी एक बाई असेल. तिच्याशी तुमचं भांडणही असेल. हे वाचून झालं की उठा, तिच्या दारी जा. तिचा हात हातात घ्या... आणि गार तर नाही ना, तेवढं पाहून या.