डावीकडची जागा

मोटार विकायची आहे हे ईरण्णाला धाराशिवच्या कचेरीबाहेर कुणाकडून तरी कळलं, आणि मुरुमला परतायच्या आत त्यानं ती घेऊनही टाकली. विलायती, हिरवी, कापडी टप मागं दुमडता येणारी मोटार. मुरुमच्या बाजारात ईरण्णाची तुरीची आडत होती, लॉऱ्या रोजच्याच पाहण्यात होत्या; पण अशी मोटार गावानं पाहिली नव्हती. मालक खाजाभाई निजामाच्या अमलात जकातीवर अंमलदार होता. मोटार त्यानं लेकरासारखी सांभाळली होती. पितळेवर डाग नव्हता, चामडं तेल देऊन मऊ ठेवलेलं.

"दोघांचीच हाय," ईरण्णा बायकोला म्हणाला. "तू आन् मी. तिसऱ्याला जागाच न्हाय."

जगदेवीला हेच सगळ्यात आवडलं. घरात सासू, दीर, जावा, त्यांची पोरं. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर भाकरी वाढताना बोलायचे, तेही खालच्या आवाजात. पहिल्यांदा ती डावीकडं बसली, गाडी उमरग्याच्या सडकेला लागली आणि वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडाला, तेव्हा ती इतकी हसली की ईरण्णानं वळून वळून तिच्याकडं पाहिलं.

ते नळदुर्गला निघाले होते, तिच्या थोरल्या बहिणीकडं. महादेवी हातात सूप घेऊन दारात आली.

"या भावजी. एकटंच आलात? जगीला तरी आणायचं."

जगदेवी तेव्हा मोटारीतून उतरत होती. बहीण चेष्टा करतेय असं वाटून ती पायरी चढून समोर उभी राहिली. महादेवी तिच्या खांद्यावरून मोटारीकडं बघत होती. मग तिनं डोळ्यांची उघडझाप केली आणि सूप खाली ठेवलं.

"अगं बाई. तू कवा आलीस?"

ऊन डोळ्यांवर होतं, मोटार बुटकी, त्यात अक्काला लांबचं कमी दिसतं. जगदेवीनं मनातल्या मनात हा हिशेब लावला आणि विषय संपवला. ती चौथीपर्यंत शिकलेली, अंगाऱ्या-धुपाऱ्यावर फारसा भरवसा नसलेली बाई होती.

पण पुढच्या आठवड्यात धाकटी जाऊ सहज म्हणाली, "भावजी एकटंच मळ्याकडं चालले होते म्हणं, मोटार घेऊन." त्या दिवशी जगदेवी शेजारी बसलेली होती. मांडीवर डबा होता, आणि वाटेत भेटलेल्या शिवप्पा गवळ्याला तिनं हातही केला होता.

नंतर उमरग्याला लग्न होतं. मोटारीतून उतरून ती बायकांत जाऊन बसली. नवरीची मावशी हळदी-कुंकू लावत आली. जगदेवीच्या डावीकडच्या बाईला कुंकू लावलं, मग उजवीकडच्या बाईला. मावशीचं मनगट जगदेवीच्या नाकासमोरून गेलं. हळदीचा वास आला. जगदेवीनं कपाळ पुढं केलं होतं, ते तसंच राहिलं. पंगतीतही तिच्यापुढं पत्रावळ मांडली नाही. वाढपी तिच्यासमोरची जागा ओलांडून पुढं जात राहिले. जेवणं निम्म्यावर आली तेव्हा एका म्हातारीनं दचकून विचारलं, "बाई, तुला कुणी वाढलं न्हाय?"

जगदेवीनं मग शहानिशा केली. मुद्दाम एस.टी.नं जावेबरोबर उमरग्याला गेली. उतरल्या उतरल्या भाजीवाली तिच्याशी मिरचीच्या भावावरून भांडली. कासारानं लांबूनच हाक मारली. म्हणजे तिच्यात काही उणं झालं नव्हतं. त्या जागेवर बसलं की व्हायचं, आणि दर खेपेला जास्त वेळ टिकायचं.

तिनं ईरण्णाला सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "मला तर दिसतीस की."

"तुमाला दिसते."

"मग झालं तर."

एवढ्यावर ती थांबली. तिचंही मन मोटारीत अडकलं होतं, हे खोटं नाही. दोघांचं बोलणं असं तिथंच व्हायचं.

मार्गशीर्षात ते तुळजापूरला निघाले. ईरण्णा वाटभर बोलत होता. यंदाची तूर, भावाचं लग्न, घरावर चढवायचा माळा. नळदुर्ग मागं पडल्यावर तो बोलायचा थांबला. जगदेवीला वाटलं, दमला असेल. थोड्या वेळानं तो गुणगुणायला लागला, एकटा असताना माणूस गुणगुणतो तसा.

देवळाबाहेर लिंबाच्या सावलीत त्यानं मोटार लावली आणि काही न बोलता उतरून गेला. परत आला तो त्यांचे पुजारी विष्णुपंत यांना घेऊन. हातात घरी न्यायच्या नारळांची टोपली.

"बायकोला नाही आणलंत?" विष्णुपंतांनी विचारलं.

ईरण्णानं डावीकडच्या जागेकडं पाहिलं. थेट तिच्या तोंडाकडं.

"न्हाय," तो म्हणाला. "घरीच हाय."

त्यानं टोपली तिच्या मांडीवर ठेवली, रिकाम्या बाकावर ठेवावी तशी, आणि विष्णुपंतांबरोबर वळला.

"अहो," ती म्हणाली.

तो चालतच राहिला.

"अहो, ऐका की."

टोपली घरंगळली. नारळ रस्त्यावर गेले. एक बाई थांबून नारळांकडं बघायला लागली. ते कुठून आले हे तिला कळत नव्हतं.

जगदेवी दार ढकलून उतरली आणि धावली. तो पायऱ्या उतरत होता. तिनं त्याचं धोतर धरलं. त्यानं काटा अडकल्यासारखं ते सोडवून घेतलं.

लग्न झाल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. नवऱ्याचं नाव घेतलं.

"ईरण्णा."

पायऱ्यांवरच्या बायका आधी वळल्या. कोण ही बाई नवऱ्याला नावानं हाक मारणारी, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग तो वळला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तो तिथंच पायरीवर बसला.

"तू कुठं होतीस?"

"मोटारीत. तुमच्या शेजारी."

बराच वेळ तो तिचा हात धरून बसला. एवढ्या लोकांत, उजेडात. विष्णुपंत नारळ गोळा करायला गेले.

दर्शन झालं, आणि त्यानंच सांगितलं, "मोटार आजच परत देऊ." ती त्या जागेवर बसणार नव्हती. तिनं एस.टी. धरली, तो मोटार घेऊन पुढं गेला. धाराशिवपर्यंतच्या वाटेत जगदेवीनं एकच विचार केला: हा माणूस स्टँडवर थांबेल, की एकटाच आलो म्हणून सरळ निघून जाईल?

गाडी स्टँडात वळली. ईरण्णा उन्हात उभा होता, प्रत्येक खिडकी बघत. ती दिसली तसा त्यानं हात वर केला. इतका वर, की दोन-चार लोक हसले. जगदेवीला रडू आलं आणि हसूही.

खाजाभाईनं मोटार बिनतक्रार परत घेतली. पैसेही तयार होते, जणू वाटच बघत होता.

जगदेवीनं विचारलं, "भाईजी, तुमच्या शेजारी कोण बसायचं?"

"कोई नहीं, बाई." तो पितळ पुसत होता. "मी अकेला आदमी. पहिल्यापासून."

त्याच वेळी आतल्या दारातून एक वयस्क बाई आली. पांढरी ओढणी, हातात छोटं बोचकं. उंबऱ्याशी उभी राहून तिनं जगदेवीकडं बघितलं. मग चपला घालून, खाजाभाईच्या अगदी जवळून, ती बाहेर पडली. त्यानं मान वर केली नाही. जगदेवीला वाटलं, कामवाली असेल, घरी निघाली असेल.

उमरग्याची गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टरनं जगदेवीला विचारलं, "बाई, कुठं?" आणि उत्तराला उशीर झाला म्हणून खेकसला. तिला ते खेकसणं लई गोड वाटलं. ईरण्णानं दोन तिकिटं घेतली, पलीकडच्या बाकावर बसला, आणि तिच्याकडं बघत बघतच त्याला झोप लागली. गार वारा येत होता.

जगदेवीच्याच बाकावर, खिडकीशी, ती खाजाभाईच्या घरातली ओढणीवाली बाई बसली होती. कंडक्टर तिच्याशी बोलला नव्हता.

"कुठं उतरणार तुमी?" जगदेवीनं हळू विचारलं.

"जिथं ही गाडी जाईल तिथं." आवाज कोरडा होता, फार दिवस न वापरलेला.

"नाव काय म्हणायचं तुमचं?"

बाईनं तोंड उघडलं. थांबली. मग खिडकीबाहेर बघत राहिली, आठवत असल्यासारखी. शेतं गेली, एक गाव गेलं. ती अजून आठवतच होती.

नळदुर्गला एक माणूस पोतं घेऊन चढला आणि खिडकीच्या जागेकडं सरकला.

"सरका बाई, खिडकीशी रिकामंच हाय की."

जगदेवीनं हात आडवा धरला.

"न्हाय," ती म्हणाली. "बसल्यात इथं."