उत्तररंगातली झील

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते. टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर होता.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं लोक म्हणतात. ही भर दुपारची आहे. फेब्रुवारी १९८५, आगाशी. बाजाराच्या मागे जयरामबुवांचं कौलारू घर.

मी ख्रिस्ती, नंदाखालची. पण कीर्तनाचं वेड लहानपणापासून. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाचं कीर्तन व्हायचं, तिथे मी पदर भिजेपर्यंत रडायची. आणि आगाशीच्या देवळात बुवा उभे राहिले की तिथेही मी असायचीच. देवाचं नाव कुणी गाऊन सांगितलं की माझे पाय तिकडे वळतात. हे सांगते ते एवढ्यासाठी, की कीर्तनातला आवाज ओळखण्यात माझी गफलत होणार नाही.

त्या वर्षी आमच्या कॉमर्स कॉलेजात सरांनी गटागटाला काम दिलं होतं. एखादी वस्तू तयार करा, बाजारात विकून दाखवा. कुणी लोणचं केलं, कुणी मेणबत्त्या. आमच्या गटाने कीर्तनाची कॅसेट करायचं ठरवलं.

आम्ही तिघं. मी लुसी, तोंडाळ प्लासिड, आणि नायगावच्या खाडीकडची सोनू. तिचा गळा असा, की ती बाकावर बसून गुणगुणली तरी शिकवणारे सर थांबायचे.

सोनूचं सगळं या कॅसेटवर अवलंबून होतं. परीक्षा झाली की तिला वालीवच्या कारखान्यात लावायचं, हे तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. बुवांनी मात्र शब्द दिला होता. कॅसेट चांगली झाली तर रामनवमीला माझ्यामागे झील धरायला बस, वडिलांशी मी बोलतो.

झील म्हणजे बुवांच्या मागे बसून, पेटी वाजवत, धृपद म्हणजे पदाची पालुपदाची ओळ गाऊन उचलून धरणं.

ती जागा बुवांच्या बायकोची होती. हंसामावशींची. आदल्या वर्षी त्या गेल्या.

मावशींचा स्वभाव सगळ्या आगाशीला ठाऊक होता. एखाद्या बाईने बुवांचं जरा जास्त कौतुक केलं की मावशींच्या पेटीचा आवाज चढायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्हीही हसायचो.

त्या दुपारी पहिली बाजू छान झाली. पूर्वरंग संपला. मी कॅसेट उलटली.

पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या मध्ये कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. प्लासिडने नेमका तोच क्षण वेष्टनावरच्या फोटोसाठी धरला होता. मोगऱ्याचा हार त्याने सोनूच्या हातात दिला.

बुवा किंचित मागे सरले.

"हार हंसा घालायची," ते म्हणाले. "ती गेल्यापासून मी माझ्या हातानेच घालून घेतो."

"बुवा, स्वतःच्या हाताने हार घालणाऱ्याची कॅसेट कोण घेईल?" प्लासिड म्हणाला. "लोक म्हणतील, निवडणुकीला उभे राहिलेत."

बुवा हसले. मान वाकवली. सोनूने हार घातला. फोटो निघाला.

आतल्या खोलीत काहीतरी घासल्यासारखं वाजलं...

घरात आम्हा चौघांशिवाय कुणी नव्हतं.

उत्तररंगाला बुवांनी पारिजातकाचं आख्यान घेतलं. फूल एकीला मिळालं म्हणून दुसरी रुसते, ते. सोनू सुरेख झील धरत होती. मध्येच एका ओळीवर ती अडली.

"चुकलं," ती हळूच म्हणाली आणि पेटीवरून हात काढला.

पेटीचा सूर मात्र चालूच राहिला...

थोडा वेळ. मग तो थांबला.

भाता भरलेला असेल, असं आम्ही धरलं. सोनूने ओळ पुन्हा उचलली. आख्यान पुरं झालं, आरती झाली. बुवांनी हार उतरवायला गळ्याकडे हात नेला.

गळ्यात हार नव्हता.

खाली पडलेला नव्हता. पाटामागे नव्हता. बुवा जागचे हललेही नव्हते. शेवटी सोनूच आतल्या खोलीत गेली, आणि तिथून तिने मला हाक मारली. हाक कसली, नुसता श्वास...

भिंतीवर हंसामावशींचा फोटो होता. हार त्या फोटोला होता.

प्लासिडने कॅमेरा पिशवीत ठेवून दिला.

कॅसेटच्या प्रती काढण्याआधी आम्ही पहिली बाजू पूर्ण ऐकली. दुसरीची फक्त सुरुवात. तिथे बुवा एकटेच गातात.

आगाशीच्या बाजारात एस.टी. थांब्याजवळ टेबल मांडलं. पहिली बाजू वाजली, लोक जमले. कॅसेट उलटली. झील सुरू झाली, आणि भाजीवाल्या आजी टोपली खाली ठेवून पुढे आल्या.

"हंसाचा आवाज कुठनं मिळवला गं पोरींनो? लई बरं केलंत."

सोनू हसली. "आजी, तो माझा आवाज आहे."

आजी तिच्याकडे बघत राहिल्या.

मी कान लावला. तो आवाज सोनूचा नव्हता. जाड, थोडा घोगरा, बुवांच्या शब्दाच्या जरा आधीच धृपद ओढून घेणारा. लहानपणापासून ऐकलेला.

मग ती अडल्याची जागा आली.

"चुकलं." हा सोनूचा आवाज. त्या अख्ख्या बाजूवर तिचा एवढा एकच शब्द.

मागे पेटीचा सूर. आणि मग, माइकच्या अगदी जवळून...

"मंग ऊठ माज्या जाग्यावरनं."

सोनू टेबलाजवळ स्टुलावर बसली होती. ती उठली. बाजारातून सरळ चालत गेली. मी मागे धावले. तिने माझा हात घट्ट धरला आणि एवढंच म्हणाली, "मी गायले होते, लुसी. तू होतीस ना तिथे?"

बुवांना ती बाजू ऐकवली तेव्हा मला वाटलं, ते घाबरतील. त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकं सुख मी आजवर कुणाच्या पाहिलेलं नाही.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

रामनवमीला बुवांच्या मागे पेटी होती, तबला होता. झील धरायच्या जागी, पाटावर, आमचा टेपरेकॉर्डर होता.

सोनू वालीवला कामाला लागली. ती पुन्हा गायली नाही.

ती कॅसेट माझ्याकडे आहे. बुवा गेले त्याला खूप वर्षं झाली, आणि टेप झिजत चालली तसा त्यांचा आवाज पुसट होत गेला. झील मात्र स्वच्छ ऐकू येते. पोरं म्हणतात, आई, ती टाकून दे. कीर्तन कसं टाकू? देवाचं नाव आहे त्यात. उपवासकाळात एखाद्या दुपारी प्रार्थना करून मी ती लावते आणि खुर्चीत बसून ऐकते.

फक्त "चुकलं" हा शब्द आला...

की मी पुढचं ऐकायच्या आधीच उठून उभी राहते.